पिवळ्या पत्रकातली ती ओळ

वत्सलाबाई. राहणार खापरखेडा, पॉवरहाऊस कॉलनी. अन्याय त्यांच्यावर झाला. कधी – तर चार वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, प्रताप नगरात नानांच्या गच्चीवर, पंचवीसएक माणसांच्या देखत. अन्याय करणारा – मी.

माझी सगळी पत्रकं अशीच सुरू होतात. कोणावर, कधी, कुठे, कोणी. शेवटच्या जागी मात्र दरवेळी दुसऱ्या कोणाचं तरी नाव असायचं – त्या नावांचा निषेध करताना माझा हात कधी थांबला नाही. या वेळी सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिल लिहिताना दोनदा फाटलं.

हे मी कोणाला बोललेलो नाही. आईला नाही, मित्रांना नाही, नानांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही त्या गच्चीवर कधी ना कधी बसला असाल. बसला नसाल तर आधी गच्चीचं सांगतो.

नाना म्हणजे आमचे निवृत्त हेडमास्तर. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी त्यांच्याकडे वाचणाऱ्यांचा मेळा भरतो. शनिवारी गप्पा आणि तर्रीपोहे, रविवारी काम. काम म्हणजे – प्रत्येकानं महिन्याभरात वाचलेली पुस्तकं सतरंजीवर मांडायची आणि त्यातल्या एकावर उभं राहून बोलायचं. नियम दोनच. एक, जे वाचलं त्यावरच बोलायचं. दोन, ज्याच्याशी भांडण झालं त्याचं पुस्तक आपण घरी न्यायचं, आपलं त्याला द्यायचं, आणि पुढच्या महिन्यात वाचून परत करायचं. या दुसऱ्या नियमामुळे आमच्यात दोन लग्नं जुळलीत. एक वकील आणि एक पोस्टमन तर गेली सहा वर्षं नुसती पुस्तकं घेता यावीत म्हणून भांडतात. इतकी आनंदाची जागा या गावात दुसरी असेल तर मला दाखवा.

आणि मी तिथे काय करत होतो? मी जागृती करत होतो. तेविसाव्या वर्षी माणूस दुसरं काय करतो? रविवारी वाचनालयं उघडी ठेवा – हे माझं पत्रक. त्यासाठी मी इतवारीत हातगाड्यांच्या गर्दीत उभा राहून घसा बसवला, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. पण त्याच झपाट्यात आणखी एक पत्रक काढलं. पिवळ्या कागदावर. ‘बायांना झोपवणारी पुस्तकं ओळखा.’ त्यात एका नव्या कादंबरीवर मी तुटून पडलो होतो. ब्लाउज शिवून घर चालवणाऱ्या बाईची चारशे पानी गोष्ट. मी लिहिलं – ठळक, अधोरेखित – ‘शेवटी ती नवऱ्याच्या पाया पडते. हाच या पुस्तकाचा संदेश.’

पत्रक लोकांना आवडलं. काहींनी तर पुस्तकात खूण म्हणून जपून ठेवलं.

आता बघा, मुद्द्याशी आलो आणि पुन्हा मला पोह्यांबद्दल सांगावंसं वाटतंय. नाही. सांगतो.

वत्सलाबाई त्या रविवारी पहिल्यांदा बोलायला उभ्या राहिल्या. आधीचे तीन महिने त्या एस.टी.नं यायच्या, पाटवड्यांचा डबा मधोमध ठेवायच्या आणि कोपऱ्यात बसून ऐकायच्या. वय चाळीसच्या आसपास. शाळा चौथीपर्यंत. वाचताना ओळीखाली बोट फिरवायच्या. माझे वडीलही तसंच वाचायचे – गिरणीतून आल्यावर, कंदील जवळ ओढून. दीक्षेच्या वर्षी ते मला खांद्यावर घेऊन दीक्षाभूमीवर गेले होते, आणि त्यानंतर त्यांनी घरात पहिली वस्तू आणली ती एक पुस्तक. म्हणजे बोट फिरवून वाचणारा माणूस काय असतो हे मला शिकवायची गरज नव्हती. तरीही.

त्यांनी नेमकी तीच कादंबरी आणली होती. पदर सावरून म्हणाल्या, “मले हे पुस्तक लय आवडलं. ते बाई शेवटी मशीन रिक्षात टाकते न् निंगून जाते. मागं वळून नाही पाहत. मी तीनदा वाचलं ते पान.”

लोक माना डोलावत होते. एवढ्यात मी उठलो.

काय बोललो ते शब्दाशब्दानं आठवतं, पण इथे लिहीत नाही – पत्रकातलंच होतं, फक्त आवाज मोठा होता. ती बाई जात नाही, ती पाया पडते. तुम्हाला जे वाटलं ते तुमच्या मनाचं आहे, पुस्तकातलं नाही. असं मी म्हणालो. आणि खिशातून पिवळं पत्रक काढून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते वाचलं. बोट फिरवून. मग माझ्याकडे बघितलं, हातातल्या पुस्तकाकडे बघितलं, आणि हळूच म्हणाल्या, “छापून आलं म्हणजे चुकलं असन माझंच. घाईत वाचलं असन.”

तीनदा वाचलेलं पान. घाईत.

मी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. एक ओळसुद्धा नाही. कव्हर दुकानात बघितलं होतं, बस. शेवट मला एका मित्रानं चहाच्या टपरीवर सांगितला होता, आणि त्यालाही तो त्याच्या चुलतभावानं सांगितला होता. हे आहे ते. चार वर्षं कोणाला न सांगितलेलं.

पण थांबा, एवढ्यावर मी सुटत नाही. नानांनी टाळी वाजवली – “भांडण झालं. अदलाबदल करा.” आणि मी अडकलो. कारण त्या दिवशी सतरंजीवर मी मांडलेलं पुस्तक म्हणजे कामगार चळवळीवरचा एक ठोकळा होता. महिनाभर तो माझ्या काखेत होता. त्यावर मी अर्धा तास आधी दणकून बोललोही होतो. आणि त्याची पानं कडेला जोडलेली होती. त्या पुस्तकाचे छापखानेवाले तशीच, कडा न कापलेली पुस्तकं विकायचे, वाचणाऱ्यानं सुरी घेऊन पानं मोकळी करत जायचं. मी सोळा पानांपर्यंत गेलो होतो. पुढे सगळं बंद.

“दुसरं देतो,” मी म्हणालो.

“काहून गा?” नाना म्हणाले. “तूच तर सांगितलं का हे पुस्तक घराघरात गेलं पाहिजे. जाऊ दे ना मग.”

गेलं. खापरखेड्याला, पाटवड्यांच्या रिकाम्या डब्याबरोबर.

आणि कादंबरी माझ्या घरी आली. त्याच आठवड्यात वाचून काढली. चांगली होती हो – फार चांगली. शेवटच्या पानावर मशीनची बॉबिन गडगडत नवऱ्याच्या पायाशी जाते. ती उचलायला ती बाई वाकते. उचलते, कनवटीला लावते, मशीन रिक्षात ठेवते आणि निघून जाते. मागे वळून बघत नाही. चुलतभावानं बहुधा वाकण्यापर्यंतच वाचलं असावं.

आता मला सांगा, जानेवारीच्या मेळ्यात मी काय करायला हवं होतं? उभं राहून एक वाक्य. रस्त्यावर उभा राहून तासतासभर बोलणाऱ्याला एक वाक्य जड का जावं? मी ते पाठही केलं होतं. गच्चीचा जिना चढताना म्हणत म्हणत गेलो. वर पोचलो तर लोक अजून माझ्या पिवळ्या पत्रकाचं कौतुक करत होते. वाक्य जिन्यातच राहिलं.

वत्सलाबाई जवळ आल्या. मी परत दिलेली कादंबरी न उघडताच पिशवीत ठेवली, ठोकळा परत केला. सगळी पानं मोकळी झालेली – एकूण एक – आणि कडांना हळदीचे बारीक डाग.

“इळीनं कापली,” त्या म्हणाल्या. “अर्धं समजलं, अर्धं नाही समजलं. पण कोळशावाल्यायचं लिहिलं ते खरं हाये. हे प्रत तर पुढं कोरीच होती, भाऊ. तुम्ही दुसऱ्या कोण्या प्रतीतून वाचलं असन.”

मी म्हणालो, “हो.”

पहिलं खोटं आगाऊपणातून आलं होतं. हे दुसरं शुद्धीवर असताना बोललो. त्यांनी ते वाक्य भाबडेपणानं टाकलं की मला एक संधी दिली, हे मला आजही ठरवता येत नाही. ठरवण्याचा हक्क माझा नाहीच. पुस्तक न वाचणारा माणूस हाताशी पुस्तक असूनही लबाडी करतो, आणि वाचणारी बाई स्वतःच्याच डोळ्यांवर संशय घेते – असं दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी इतवारीत पाचशे पत्रकं वाटली असती.

त्यानंतर वत्सलाबाई कधी पुस्तकावर बोलल्या नाहीत. येतात, पाटवड्या आणतात – आता मसाला जरा जास्तच घालतात, वकील आणि पोस्टमन त्यावरही भांडतात – पण पाळी आली की म्हणतात, “मी ऐकून राहिली.” सगळे हसतात. त्याही हसतात. मीही हसत आलो.

गेल्या महिन्यात कॉलेजातली एक नवी मुलगी त्यांच्या शेजारी बसली होती. तिनं विचारलं, “काकू, हे पुस्तक तुम्हाला कसं वाटलं?” वत्सलाबाईंनी आधी नुसता हात हलवला. मग म्हणाल्या, “मले नको विचारू वं बाई. मले शेवट समजत नाही पुस्तकायचे. मागं एकडाव चुकलती मी.”

मी समोरच बसलो होतो. तोंडात पाटवडी होती. त्यांचीच.

म्हणून हे पत्रक, त्याच पिवळ्या कागदावर. पहिली प्रत शनिवारी खापरखेड्याला जाऊन वत्सलाबाईंच्या हातात देईन. बाकीच्या, ज्या ज्या घरी तेव्हा पत्रक गेलं त्या त्या घरी. माफी या कागदावर मागत नाही. चार वर्षं दाबलेली गोष्ट कागदाच्या जोरावर मागून घेण्यासारखी नसते. त्या हे शेवटपर्यंत वाचतील एवढं मला माहीत आहे. त्या वाचतातच शेवटपर्यंत.

तुमचं काम वेगळं आहे. ते जुनं पिवळं पत्रक तुमच्या कोणत्या तरी पुस्तकात खूण म्हणून पडलेलं असेल. शोधा. ‘शेवटी ती नवऱ्याच्या पाया पडते’ – या ओळीवर काट मारा. शाईनं. आणि शेजारी स्वतःच्या अक्षरात लिहा: वत्सलाबाईंनी बरोबर वाचलं होतं. मग ते पत्रक घेऊन रविवारी गच्चीवर या आणि पाळी आली की त्यांना बोलायला उभं करा.