जागेवर बसलेले दाणे

उषाबाईच्या पायाला भिंगरी आहे, असं अख्खं बदनापूर म्हणायचं. जेवायलासुद्धा ती उकिडवी बसे, उठायला सोपं म्हणून. बियाण्याच्या गोदामात तुरीला औषध लावायचं तिचं काम. पिंप फिरवून फिरवून दाणा न् दाणा लालभडक करायचा. भरलेलं पोतं कुणी ट्रॅक्टरवर आदळलं, की ही बया अंगावर धावून गेलीच. "हिसके देऊन देऊन औषध सगळं खाली गळतंय! मंग काय नुसता दाणा पेरता का?" आणि खरंच, हिंदकळलेल्या पोत्याच्या तळाशी लाल भुकटी सापडायची.

अशा बाईच्या यकृतात २००२ साली गाठ निघाली.

औरंगाबादच्या एका मोठ्या दवाखान्यात नवाच उपचार चालू होता. मांडीच्या नसेतून बारीक नळी थेट गाठीपर्यंत नेली आणि औषधात भिजवलेले रव्याहून बारीक कण तिथं सोडले. मग डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. गाठीत पांढरे ठिपके दिसत होते.

"हे कण. फोटोत दिसावेत म्हणून त्यांत खास द्रव मिसळलाय. बघा, बरोबर जागेवर बसलेत. आता हळूहळू औषध सोडतील."

डॉक्टर पुढंही बरंच बोलले, पण उषाबाईचं ऐकून झालं होतं. दाण्याला औषध, औषधाला रंग. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. दीड महिन्यानं पुन्हा फोटो, एवढं तिच्या नवऱ्यानं, रामकिसननं लिहून घेतलं.

घरी आल्या आल्या तिनं बाजेवर उजव्या कुशीवर अंग टाकलं, ते हलायचं नावच नाही. पायाची बोटं मात्र दिवसभर वळवळायची. बाहेर कुणाचा आवाज आला की तिचा जीव उंबऱ्यापर्यंत जाऊन परत यायचा.

"डॉक्टर तर म्हणले, फिरत जा," रामकिसन म्हणाला.

"डॉक्टरनं कधी पोतं भरलंय का?"

तिसऱ्या आठवड्यात माहेरून, धावड्याहून, तिचा भाऊ सर्जेराव जीप घेऊन आला. आई, झुंबरबाई, अंथरुणाला खिळली होती आणि सारखं उषीचंच नाव घेत होती. "अक्का, चल जल्दी."

उषाबाई उठून बसली. एक पाय खालीही टाकला. पण भोकरदनच्या पुढचा रस्ता तिला पाठ होता, एकेक खड्ड्यासकट. डोळ्यांपुढं पोत्याच्या तळाची लाल भुकटी आली. तिनं पाय वर घेतला.

"दीड महिना होऊ दे, मंग येते. आईला म्हणावं, थांब."

झुंबरबाई चार दिवस थांबली. ती गेल्याचा निरोप आला तेव्हाही उषाबाई निघाली नाही. भिंतीकडे तोंड करून रडली, तेही अंग न हलवता.

दीड महिन्यानं डॉक्टरांनी नवी फिल्म उजेडाला धरली. ठिपके जवळजवळ नव्हतेच. उषाबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

"म्या हालले न्हाई हो! बिलकुल न्हाई. माय मेली, तरी न्हाई हालले."

डॉक्टर चक्रावले. "अहो, ते कण विरघळणारेच असतात. औषध सोडून अंगात जिरून जातात. तेव्हाच सांगितलं होतं मी. आणि गाठ बघा, निम्म्यावर आलीय! हलायला काय हरकत होती? धक्क्यानं ते कुठं जातात?"

रामकिसननं हात जोडले, त्याला आनंदानं रडूच फुटलं. दवाखान्याबाहेर तो स्टेशनकडे वळला, तर उषाबाई एसटी स्टँडकडे.

"आवो, धावड्याला जायचंय."

"आता कोण हाय तिथं?"

ती सरळ गाडीत चढली. रामकिसननं तिच्यासाठी पुढची जागा धरली, पण ती पार मागच्या बाकावर जाऊन बसली. भोकरदन सुटलं आणि गाडी खड्ड्यांना लागली. दर धक्क्याला तिचं अंग वीतभर उडत होतं, तरी तिनं समोरची दांडी धरली नाही.

"उषे, पुढं ये की!" रामकिसननं हाक मारली.

"ऱ्हाऊ द्या," ती रडत रडत म्हणाली. "बघू द्या मला, कितीक हालतंय ते."