एकशे ऐंशीची तालीम

बी.एड.च्या वार्षिक पाठाची एक रीत आहे, ती कोणत्याच पुस्तकात छापलेली नाही. परीक्षकापुढं जो पाठ घ्यायचा, तो आदल्या दिवशी त्याच वर्गात गुपचूप घेऊन टाकायचा. आमच्या तुकडीत सगळेच घेत. मी तर दोनदा घेतला! गणितवाली मी एकटीच, आणि हा पाठ पडला असता तर अख्खं वर्ष पाण्यात गेलं असतं. घरचे तर आधीपासूनच म्हणून राह्यले होते, "कायले पायजे तुले गणित? मराठी घे ना, सोपं राह्यते."

पाठ सातवीवर होता, त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या बेरजेचा. मी पोट्ट्यांना बजावलं, "उद्या एक सर मागं बसतील. मी इचारलं का कोन मोजल्यासारखं करा, अन् एकशे ऐंशी म्हना." वर एकेक लिमलेटची गोळी कबूल केली. लाज? छे, तेव्हा कुठली!

दुसऱ्या दिवशी शेलूबाजारहून जीपमध्ये पुठ्ठ्याचे त्रिकोण मांडीवर सांभाळत शाळेत पोचले. परीक्षक मागच्या बाकावर बसले. मी फळ्यावर त्रिकोण काढला, वळले, तोंड उघडलं, आणि प्रश्न बाहेर पडायच्या आत अख्खा वर्ग ओरडला, "एकशे ऐंशी!"

मेले! कोनमापक अजून दप्तरातच होते.

परीक्षक हसले नाहीत. उठून पहिल्या बाकावरच्या पोरीच्या वहीत त्यांनी एक वाकडातिकडा त्रिकोण काढला. म्हणाले, "मोज." तिनं जीभ बाहेर काढून तिन्ही कोन मोजले, बेरीज केली आणि माझ्याकडं पाहिलं.

"सर, मोजलं तं एकशे अठ्ठ्याहत्तर येते. पण मॅडमनं काल एकशे ऐंशीच सांगा म्हटलं."

घ्या! मला असा राग आला की काय सांगू, आणि सगळा माझाच. म्हटलं, नापास तर झालोच आहोत, आता शिकवून तरी घेऊ.

"काढा रे कोनमापक! जे येईन ते सांगा, खरं सांगा."

फळ्यावर आकडे पडू लागले. एकशे एक्क्याऐंशी, एकशे एकोणऐंशी, एकाचे तर दोनशे दहा! वर्गात भांडणं लागली. बोथट पेन्सिली, कोनमापकाच्या घासलेल्या रेघा, सगळं बाहेर निघालं. मग मी प्रत्येकाला कागदाचा त्रिकोण कापायला लावला, त्याचे कोपरे फाडून एका टिंबाशी जोडायला लावले. खालची कड सरळ रेघेत आली, म्हणजे एकशे ऐंशीच. सगळ्यांचीच आली, दोनशे दहावाल्याचीसुद्धा.

घंटा झाली. परीक्षकांनी कागदावर सही केली आणि पास आहात म्हणाले. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच पहिल्या बाकावरची ती पोरगी उभी राहिली.

"मॅडम, हे काल काहून नाई केलं?"

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. म्हटलं, "मले नापास व्हायचं भेव वाटत होतं, बाई."

"आमाले तं रोजच वाटते," ती म्हणाली आणि खाली बसली.