‘कित्याक नको?’ असे विचारणारे आपा

श्री. जगन्नाथ नेरुरकर यांना, म्हणजे आपल्या सर्वांच्या आपांना, मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा हा माणूस कामचुकार आहे असे माझे मत झाले आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलेही. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात सुरुवातीलाच ही कबुली देऊन टाकते. नाहीतर सत्काराच्या दिवशी आपा स्वतःच ती गोष्ट काढतील आणि माझी चारचौघांत फजिती होईल.

मी सावंतवाडीची. मुंबईला नर्सचे शिक्षण घेऊन मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका लहानशा दवाखान्यात रुजू झाले, त्याला आता चौदा-पंधरा वर्षे झाली. पहिल्याच सकाळी पाहते तर दवाखान्याच्या पडवीत एक पंचेचाळिशीचे गृहस्थ एका म्हाताऱ्यांशेजारी मांडी घालून बसलेले. गप्पा रंगल्या होत्या. हे गृहस्थ देवीची लस टोचणारे सरकारी नोकर आहेत, लोक यांना ‘देवी डॉक्टर’ म्हणतात, हे मला शिपायाने सांगितले. तासाभराने म्हातारे उठले, काठी टेकत निघून गेले, आणि त्यांचा दंड होता तसा कोराच राहिला.

“तासभर बोललात आणि एक माणूस टोचला नाहीत?” मी विचारले. तेव्हा माझी जीभ फारच तिखट होती. आता थोडी कमी आहे, असे आपा म्हणतात.

आपा रागावले नाहीत. उलट खुशीत म्हणाले, “बाई, आज एक नवे कारण कळले. मला वाटत होते, हे घाबरतात. ते घाबरत नाहीत, काटकसर करतात. लस थोडीच असते, ती पोरांना घाला, माझ्यासारख्या वाळक्या दंडावर कशाला नासवता, असे म्हणत होते.”

आठवड्याने आपा त्या म्हाताऱ्यांच्या घरी गेले. मी मुद्दाम बरोबर गेले. बर्फ घातलेला थर्मास उघडून आपांनी त्यांना लसीच्या बारीक नळ्या दाखवल्या. ही नातवंडांची, ही सुनेची आणि ही तुमच्या नावाची. नातू तुमच्याच मांडीवर झोपतो ना, म्हणून ही तुम्हाला. म्हाताऱ्यांनी नळ्या निरखून पाहिल्या आणि दंड पुढे केला. आमची टोचायची यंत्री म्हणजे दातेरी चकती, ती कातडीवर दाबून फिरवायची. भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी येई. हे मात्र टोचून झाल्यावर म्हणाले, “इतक्याच? मी उगाच इतकी वर्सां फुकट घालवलंय.”

आपांच्या कामाची ही रीत. कोणी ‘नको’ म्हटले की आम्ही समजूत घालायला लागतो, दटावतो, कायद्याचा धाक घालतो. आपा विचारतात, “कित्याक नको?”, म्हणजे ‘का नको?’, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसतात. त्यांना ते उत्तर खरोखरच हवे असते. सरकारी नोंदवहीत नकाराच्या कारणासाठी एक रकाना असे. सगळे जण त्यात ‘अज्ञान’ असे लिहून मोकळे होत. मीही तेच लिहीत असे. आपांचा रकाना मात्र समासात, मग पाठीमागच्या पानावर असा वाहत जाई. एकदा तपासणीला आलेले साहेब भडकले, म्हणाले, “नेरुरकर, ही नोंदवही आहे, कीर्तन नव्हे.” आपांनी ‘होय साहेब’ म्हटले आणि दुसऱ्या दिवसापासून स्वखर्चाने एक वेगळी वही घातली.

म्हाताऱ्या माणसांची प्रकृती हा त्यांच्या कुतूहलाचा खास विषय. धामापूरला ऐंशी ओलांडलेले एक शेतकरी रोज पहाटे तळ्याच्या काठाने फिरून भगवतीच्या देवळाची चढण चढत. ते काय खातात, किती झोपतात, अंगाला कुठले तेल लावतात, हे सगळे आपांनी विचारून घेतले. सकाळची पेज आणि संध्याकाळी लवकर जेवण एवढेच उत्तर मिळाले. त्यावर समाधान न होऊन आपा एका पहाटे त्यांच्याबरोबर चालायला गेले. चढणीवर धाप लागली ती आपांना. म्हातारे वर उभे राहून वाट पाहत होते. त्या दिवशी आपांची विडी सुटली, ती कायमची. आरोग्यावर इतकी व्याख्याने मी ऐकली आहेत, पण ऐकणाऱ्याऐवजी सांगणाऱ्यानेच व्यसन सोडल्याचे हे एकच उदाहरण मला माहीत आहे.

मलाही त्यांनी सोडले नाही. रुजू झाले त्या पावसाळ्यात मला विषमज्वर झाला. आपांच्या सौभाग्यवती रोज डब्यातून पेज पाठवीत, आणि आपा दारात उभे राहून चौकशी करीत. ताप उतरल्यावर एक दिवस त्यांनी विचारले, “बाई, विषमज्वराची लस दवाखान्यात होती. तुम्ही घेतली नव्हती. का?” मी खूप शोधले, पण ‘मला काही होत नाही’ याखेरीज कारण सापडेना. गावातल्या म्हाताऱ्यांचे हेच कारण मी रुजू झाल्यापासून ‘अज्ञान’ म्हणून लिहीत होते. आपांनी ते माझ्या नावासकट वहीत उतरवून घेतले. मी रागाने दोन दिवस बोलले नाही.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो सांगते.

दुसऱ्याच वर्षी दिवाळीनंतर खाडीपलीकडच्या गावात देवीची साथ आली. अलीकडे मच्छीमारांचा वाडा, पन्नासेक घरांचा. त्या वाड्याने अनेक वर्षे एकही दंड पुढे केलेला नव्हता. वाडा चाले गंगाआजींच्या शब्दावर. सत्तरीच्या विधवा, कमरेत वाकलेल्या, आवाज मात्र किनाऱ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचणारा. कुठल्या घरी कुठला कुळाचार कसा पाळायचा, हे त्याच सांगत. त्या ‘नको’ म्हणाल्या की वाडा ‘नको’ म्हणे.

मी तावातावाने गेले. माणसे मरतील, पाप तुमच्या माथी बसेल, असे बरेच काही बोलले. गंगाआजी म्हणाल्या, “बाये, घसो सुकलो आसतलो तुझो. पाणी घी.” आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी आपा गेले. अंगणात बसले. विचारले, “आजी, कित्याक नको?”

गंगाआजी त्यांच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, “रे डाक्टरा, दंडार देवी काढलंस म्हणजे घरात देवी बसली. खपली धरीसर नऊ दीस घरात म्हावरा नाय, फोडणी नाय, घरचो पुरुस होडयेत पाय घालूचो नाय. तुमी येतास कधी? बांगडो येता तेवा. धा घरां बसली तर रापण वडतलो कोण? आनि रापण नाय गेली तर वाडो खातलो काय?”

रापण म्हणजे ते प्रचंड जाळे, जे साऱ्या वाड्याने मिळून किनाऱ्यावरून ओढायचे असते. निम्मे हात बसले तर ते समुद्रात जातच नाही. आमचे लसीकरण दरवर्षी दिवाळीनंतरच निघे, कारण पावसात वाटा बंद असतात. म्हणजे आम्ही नेमके मासळीच्या भर हंगामात दारात उभे राहत होतो, आणि ती माणसे देवीचा मान आणि पोट यांतून वाट काढता येईना म्हणून दार लावत होती. इतकी वर्षे दवाखान्याने ‘अज्ञान’ लिहिले होते. अज्ञान होते खरे, पण ते आमचे. माझी तर मान वर होईना.

आपा एवढेच म्हणाले, “आजी, चूक आमची. फुडच्या वर्सापासून मी श्रावणात येतंय. होडयो किनाऱ्यार वर आसतत, म्हावरा कोण खाणा नाय. पण ह्या वर्सा देवी खाडयेपलीकडे उभी आसा. ती श्रावणाची वाट बघूची नाय.”

नऊ दिवस पाळणे खोटे आहे, असे ते म्हणाले नाहीत. मी तेच म्हणणार होते. त्यांनी हाताने मला थांबवले.

गंगाआजी त्या संध्याकाळी वाड्यातल्या म्हाताऱ्या बायकांना घेऊन देवळात गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. घराघरांत आळीपाळीने देवी बसवण्यापेक्षा सगळा वाडा एकाच दिवशी बसेल. नऊ दिवस रापण गुंडाळलेली राहील. सवलत मागायची नाही, पाळायचे ते पुरते पाळायचे.

देवळासमोर आम्ही दोघांनी सकाळपासून दुपारपर्यंत दंड टोचले. बायकांचे मी, पुरुषांचे आपा. आधी देवाला गाऱ्हाणे, म्हणजे साकडे, घातले गेले. गंगाआजी एकेका घराचे, एकेका पोराचे नाव घेत होत्या आणि सगळा वाडा “व्हय म्हाराजा” म्हणत होता. मी शहाणीसुरती शिकलेली बाई, पण माझ्याही तोंडून ‘व्हय म्हाराजा’ निघून गेले.

मग आले ते नऊ दिवस. बांगड्याचे थवे किनाऱ्याच्या इतके जवळ आले की पाणी काळे दिसे. वाड्यातले पुरुष वाळूवर बसून नुसते पाहत. घराघरांत पेज आणि बिनफोडणीची पिठी. आपा मासळीचे अतोनात शौकीन. पण त्या नऊ दिवसांत त्यांनीही ती तोंडाला लावली नाही. रोज वाड्यात जाऊन दंड तपासत आणि तिथेच पेज घेत. मला त्या माणसांचे फार वाईट वाटे आणि फार कौतुकही वाटे.

पण टोचणीच्याच दिवशीची एक गोष्ट राहिली. काम संपल्यावर आपांनी वही ताडून पाहिली. एक नाव कमी होते. गंगाआजींचे. आम्ही त्यांच्या घरी गेलो.

“आजी, तुमी ऱ्हवलास.”

“माका नको.”

“कित्याक?”

गंगाआजींनी नेहमीच्या आवाजात सांगितले, जणू चुलीवर काय शिजते आहे तेच सांगत होत्या. “सगळ्या वाड्यान दारां लावली, तर देवी जातली खंय? तिका एक दार उघडा व्हया. म्हातारीचा बरा. गाऱ्हाण्यात मी सगळ्यांची नावां घेतलंय, माझा घेवक नाय.”

मी आपांकडे पाहिले. कुठल्याही कारणावर त्यांच्याकडे पुढचा प्रश्न तयार असतो. त्या दिवशी नव्हता. ते उंबऱ्यावर बसले. थर्मास मांडीवर घेतला. मग म्हणाले,

“आजी, मी ह्या नोकरीक लागलो तेवा आरोंद्याक आमच्या घराकय देवी काढूक गेललंय. माझ्या आवशीन नको म्हटल्यान. मी कित्याक म्हणान इचारूक नाय. घाय होती. वहीत ‘नकार’ लिवलंय आनि फुडच्या घराक गेलो. म्हयन्याभरान ती देवीन गेली. ती कित्याक नको म्हणाली, ता माका आजून ठावक नाय.”

आपांची आई देवीने गेली, हे मी तोवर ऐकलेही नव्हते. आपांचा तो प्रश्न म्हणजे त्यांचा स्वभाव, असे मी समजत होते. त्या वह्यांच्या वह्या ते कशासाठी भरतात, कुठले एक कारण शोधत दारोदार बसतात, हे मला तेव्हा कळले. मला रडू आवरेना.

“आजी, आता मी इचारणय नाय,” आपा म्हणाले. “नुसतो मागतंय. माझ्यासाठी घी.”

गंगाआजींनी त्यांच्याकडे पाहिले. मग पदर सारून दंड पुढे केला. “घाल,” त्या म्हणाल्या. “देवीची समजूत मी घालतंय.”

खाडीपलीकडे त्या साथीत माणसे गेली. वाड्यात एकाही घरी देवी आली नाही. पुढच्या वर्षापासून आपा श्रावणात, बंद वाटांचा चिखल तुडवीत, त्या वाड्यात जाऊ लागले. कचेरीने आधी हरकत घेतली आणि मग आकडे पाहून मौन धरले. आपा दोन वर्षांपूर्वी सेवानिवृत्त झाले, पण श्रावणात नव्या माणसाबरोबर आजही वाड्यात जातात. त्या नव्या माणसाला ते इतके प्रश्न विचारतात की तो माझ्याकडे तक्रार घेऊन आला होता. मी त्याला सांगितले, एक वेगळी वही घाला.

हा लेख लिहायला बसण्यापूर्वी मी गंगाआजींकडे गेले. ऐंशी कधीच उलटली आहे, दिसत कमी आहे, आवाज तसाच आहे. आपांची साठी आहे, पुस्तकात चार शब्द लिहायचे आहेत, तुम्ही काय आशीर्वाद द्याल, असे विचारले. दीर्घायुष्याची काही भारदस्त वाक्ये मी मनात जुळवून ठेवली होती. ती आता लिहीत नाही. आपा, तुमची प्रकृती अशीच खणखणीत राहो, वहिनींच्या हातची पेज तुम्हाला रोज मिळो, एवढे माझे मागणे. बाकीचे गंगाआजींच्याच शब्दांत देते.

“साठ म्हणजे पोरच रे तो,” त्या म्हणाल्या. “तेका सांग, तुझ्या आवशीची जगूची ऱ्हवलेली वर्सां आसत. ती सगळी तू जग.”