पूजेतलं गेज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? पोटात ठेवून ठेवून आता सहन होत नाही, एवढंच.

कुपवाडच्या एका कारखान्यात मी तपासनीस आहे. आपल्याकडची एक कंपनी आणि परदेशातली एक, दोन्ही मिळून स्वस्त तिकिटांची नवी विमानसेवा काढत होत्या. विमानात खाणं विकायच्या ट्रॉलीचा पहिला नमुना आम्ही बनवत होतो — तो पास झाला तर सगळ्या ट्रॉल्या इथंच होणार. मालकांनी मुहूर्त धरला होता. दसऱ्याच्या सकाळी नमुना मुंबईला निघायचा.

ब्रेक नानांनी बसवले. नाना माण तालुक्यातले, लष्करात गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले. मला काम शिकवलं तेही त्यांनीच. फिटरनं ब्रेक बसवायचे, मी गेजनं फट मोजायची, जास्त निघाली तर त्यांनी आवळायचे — ही रीत. पहिल्या खेपेला थोडं ढिलं राहतंच, म्हणून तर मोजायचं.

खंडेनवमीला मी काय केलं? मोजायच्या आधीच गेज पूजेत ठेवून दिलं. विसरलो — इथवर माफ होतं. पण पूजलेलं हत्यार आमच्याकडे दसरा होईपर्यंत उचलत नाहीत. संध्याकाळी नाना म्हणाले, "मोजलंस न्हवं? र्‍हायलं आसंल तर उचल की गेज, देव काय रागवत न्हाई." उचललं असतं तर माझा विसरभोळेपणा मालकांसमोर उघडा पडला असता. मी म्हणालो, सकाळीच मोजलंय. आणि कागदावर — मनानंच आकडे भरले. सही केली.

मुंबईत उतरत्या फळीवर भरलेली ट्रॉली उभी केली, ब्रेक लावला, आणि ती घरंगळली. दोन्ही कंपन्यांचे साहेब बघत होते. दुसरी संधी मिळाली, पण चूक कुणाची ते सांगा म्हणाले. माझा कागद चोख; म्हणजे ब्रेक मोजल्यावर सैल पडला, नीट आवळलाच नसणार. मग उरलं कोण?

मालकांनी नानांना विचारलं, तेव्हा मी शेजारीच होतो. नाना स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. म्हणाले, "माझ्याच हातनं ढिलं र्‍हायलं आसंल." त्यांना काढलं. मी गप्प होतो. भ्यालो होतो, दुसरं काही नाही.

विमानसेवा सुरू झाली. आमच्या ट्रॉल्या त्यात फिरतात, मला बढतीही मिळाली.

गेल्या महिन्यात माणला गेलो. नाना शेळ्या राखतात. पान्याला हात लावत नाहीत. सायकलची चेन उतरली तरी दुसऱ्याला हाक मारतात. चहा घेताना त्यांनी मला विचारलं, "खरं सांग गड्या, माझा हात कवापास्नं चुकायला लागला रं?"

घरात आम्ही दोघंच होतो. सांगायला यापेक्षा सोपी वेळ कुठली होती?

मी म्हणालो, "वय झालं, नाना."

त्यांनी मान हलवली, आणि उरलेला चहा माझ्या कपात ओतला.