डाव्या दाराचा स्पीकर

गाडीत चांगला आवाज हवा असेल तर शिमाकुरांकडे जायचं, हे जपानातल्या आमच्या ताकाओकात एके काळी शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. स्टेशनमागच्या उतारावर त्यांचं दुकान. तेव्हाची तरणी पोरं पोटाला चिमटा काढून गाडी घ्यायची आणि उरलंसुरलं शिमाकुरांच्या हातावर ठेवायची, की काका, असं काहीतरी बसवा की ऐकणारा गप्पच झाला पाहिजे. ती पोरं आता टकली झाली. हल्लीच्या गाड्या कारखान्यातूनच मोठा पडदा आणि बंदिस्त आवाज घेऊन येतात, त्यात बाहेरच्याला बोट घालायला जागा नाही. म्हणून शिमाकुरा आता काचेवर अपघात टिपणारे कॅमेरे चिकटवून देतात. कसं चाललंय म्हणून विचारलं, तर म्हणतात, चाललंय. त्यांना काहीही विचारा, ते 'चाललंय'च म्हणणार. एवढा कानाचा तिखट माणूस, पण तोंडाला देवानं कुलूप घालून पाठवलेला.

गाडीत आवाज लावणं म्हणजे नुसता स्पीकर बसवणं नव्हे. चालवणारा उजव्या दाराला चिकटून बसतो, त्यामुळे उजव्या दारातला आवाज त्याच्या कानाला आधी लागतो आणि डाव्या दारातला मागाहून येतो. शिमाकुरा उजव्याला केसभर थोपवून धरायचे. मग दोन्ही आवाज एकदम पोचायचे आणि गाणारी बाई थेट समोरच्या काचेत, मधोमध उभी राहायची. पण ही जादू एकाच जागेवरची. शेजारच्या सीटवर बसलात की सगळं वाकडं, ती बाई आपली डाव्या दारात गुडघ्यापाशी जाऊन बसलेली. दोघांसाठी मधला मार्ग काढता येतो, पण त्यात कुणालाच पुरतं सुख नाही. म्हणून ते प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायचे, एकट्यासाठी लावू की दोघांसाठी? बायको शेजारी उभी असली तरी नवरा जमिनीकडे बघत म्हणायचा, एकट्यासाठी. आणि बायको मान डोलवायची. आमच्याकडच्या बायका मान फार लवकर डोलवतात.

मिसाओबाईंना हा प्रश्न कधी कुणी विचारला नाही. मिसाओबाई म्हणजे शिमाकुरांची बायको. लग्न झाल्यापासून जेवढ्या गाड्या घरात आल्या, तेवढ्या सगळ्यांत त्या डाव्या सीटवर बसल्या. नवं काही जुळवलं की रविवारी शिमाकुरा त्यांना घेऊन समुद्राच्या रस्त्याला जायचे, गाणं लावायचे आणि समोर बघत बसायचे. पूल ओलांडेपर्यंत मिसाओबाई म्हणायच्या, ''छान आवाज आहे.'' झालं, शिमाकुरांचा आठवडा गोड. त्या दोघांमध्ये याहून मोठं बोलणं झालेलं कुणाच्या ऐकिवात नाही.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात मिसाओबाई समुद्रकाठच्या हिमीला आजारी आईचं करायला म्हणून माहेरी गेल्या. यंदा वसंतात म्हातारी गेली. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले, अस्थी कुळाच्या थडग्यात ठेवून झाल्या, तरी बाई परतल्या नाहीत. फोनवर म्हणायच्या, आईचं घर आवरायचंय. शिमाकुरा म्हणायचे, हो. आता कोळ्याचं ते घर, आवरून आवरून किती आवरणार? पण अख्खा उन्हाळा आवरण्यात गेला. इकडे शिमाकुरा दुकानातच उभ्याउभ्या डब्यातलं थंड जेवण जेवत. संध्याकाळी सवयीनं टब भरून पाणी तापवायचे, एकटेच उतरायचे आणि आपल्यामागून त्याच पाण्यात कुणी न्हायला येणार नाही म्हणून टबावर झाकण न घालता तसेच बाहेर यायचे. त्या कढत पाण्याची वाफ सबंध घरभर फिरायची. घर खायला उठतं म्हणतात ते असं. गाडीत गाणं लावणंही त्यांनी सोडलं होतं. लावून दाखवायचं कुणाला?

त्यांचा एक जुना दोस्त आहे, नाकाओकी. भंगारातल्या गाड्या फोडून सुटे भाग विकतो आणि जिभेला हाड नाही. सप्टेंबरात एकदा तो शिमाकुरांच्या गाडीत बसला आणि न विचारता त्यानं गाणं लावलं. डाव्या दारातून आवाज निघाला तो चिरका, खरखरता. जाड सूर आला की नुसती फडफड.

''अरे, तुझ्या दाराला खोकला झालाय,'' नाकाओकी म्हणाला. ''वैद्याच्या घरी सगळेच आजारी. वहिनी गेल्या आणि बघायला कुणी उरलं नाही, होय ना?''

शिमाकुरांनी आवाज कमी केला.

''घरी ये म्हणून कधी म्हणालास तिला?''

''ते काय म्हणायचं असतं? माणसाला कळतं की.''

''हां. तुला तिचं कळतंय, तसं तिला तुझं कळत असेल,'' नाकाओकी म्हणाला आणि गाणं बंद करून सबंध रस्ताभर भंगाराच्या भावाबद्दल बोलत राहिला.

ते वाक्य शिमाकुरांना फार लागलं. हिगानचे दिवस आठवड्यावर आले होते. हिगानला पितरांच्या थडग्यावर जायचं, आणि हिमीचं थडगं टेकडीवरच्या देवळात असल्यानं मिसाओबाईंना न्यायला गाडी लागणारच होती. त्यांनी मनाशी ठरवलं की त्याआधी दार दुरुस्त करायचं. थडग्यावरून परतताना गाणं लावायचं, ती 'छान आवाज आहे' म्हणाली की लगेच विचारायचं, घरी येतेस का? नुसतं विचारायला त्यांची जीभ उचलली नसती, पण तिच्या त्या वाक्याला लागून आपलं वाक्य जोडणं जमेल असं त्यांना वाटलं. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, आणि शाळेतल्या पोरासारखं ते वाक्य पाठ करत होता.

एका दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून ते कामाला बसले. हँडलमागचे स्क्रू काढले, दाराचं आतलं आवरण एकेक क्लिप सोडवत अलगद उचललं, काळ्या चिकट डिंकावरची प्लॅस्टिकची चादर सोलली. काचेचं रबर म्हातारं होऊन पाणी आत झिरपलं होतं, दाराच्या तळाची भोकं कुजक्या पानांनी बुजली होती. ओलीनं स्पीकरचा कागद फुगून कडेनं फाटलेला. याच्यात जीव धरण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी तो काढला, तळ पुसून कोरडा केला, भोकं मोकळी केली, पत्र्याच्या आत थरथर शोषणारा जाड पट्टा दाबून बसवला आणि नवा स्पीकर लावून सगळं आवरण जिथल्या तिथं बसवलं.

आता दार कुठे बारीक खुळखुळतंय का ते बघायचं होतं. गिऱ्हाइकाच्या गाडीत हे ते बाहेरून, दारावर तळवा टेकून बघायचे. त्या दिवशी गुडघा धरला होता म्हणून डावं दार उघडून आतच बसले, दार ओढून घेतलं आणि रविवारचं ते नेहमीचं गाणं लावलं.

खुळखुळ काही नव्हती. पण गाणंही नव्हतं. बाईचा आवाज डाव्या मांडीपाशी दाराला चिकटलेला, बाकीची वाद्यं कुठेतरी लांब, दुसऱ्या कुणासाठी वाजत असल्यासारखी. शिमाकुरांना वाटलं, तारा उलट्या जोडल्या की काय. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. तारा बरोबर होत्या. या सीटवरून हे असंच ऐकू यायचं, पहिल्या गाडीपासून. गावभर विचारत फिरले, एकट्यासाठी की दोघांसाठी, आणि स्वतःच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार. आणि ही बाई एवढी वर्षं इथे बसून हे ऐकून म्हणत होती, छान आवाज आहे. शिमाकुरांना तिथे बसल्या बसल्या इतकी लाज वाटली की त्यांनी हात तोंडावर धरला, बघायला कुणी नसताना.

मग त्यांनी काय करावं? जे कधी केलं नव्हतं ते केलं. सगळं जुळवणं पुसून टाकलं आणि डाव्या सीटवर तिच्या डोक्याच्या उंचीला आवाज मोजणारा माइक बांधून नव्यानं लावायला घेतलं. या खेपेला डाव्या आवाजाला थोपवून धरलं. दोन दिवस त्यात गेले. शेवटी डाव्या सीटवर बसलं की ती गाणारी बाई समोर काचेत येऊन उभी राहायला लागली. उजवीकडून मात्र ऐकवेना. असू दे म्हणाले.

हिगानच्या दिवशी मिसाओबाई माहेरच्या दारातच उभ्या होत्या, हातात ओहागींचा, म्हणजे आझुकी घेवड्याचं गोड पुरण लावलेल्या भाताच्या गोळ्यांचा डबा. थोड्या वाळल्या होत्या, पण चेहरा उन्हानं रापून तरतरीत दिसत होता. जाळी विणणाऱ्या बायकांत जाऊन बसते, म्हणाल्या. थडग्यावर दोघांनी पाणी घातलं, फुलं ठेवली, उदबत्त्या लावल्या. मिसाओबाई आईशी बराच वेळ मनात बोलल्या. शिमाकुरांनी सासूची मनातल्या मनात माफी मागितली, कशाबद्दल ते त्यांनाही नीट मांडता आलं नाही.

परतताना समुद्र लागला तसं त्यांनी गाणं लावलं. पूल जवळ येत होता. शिमाकुरा समोर बघत मनातल्या मनात आपलं वाक्य घोकत होते. पूल आला, पूल गेला. मिसाओबाई काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ''बिघडलंय का हो काही?''

शिमाकुरांनी वेग कमी केला. ''वाईट ऐकू येतंय?''

''मला काय कळतंय त्यातलं. तुमचं तोंड कसंसंच झालंय.''

तोंड कसंसं होणारच, त्यांच्या कानात तो वाकडा आवाज सुईसारखा टोचत होता. पण शिमाकुरांना ते सांगायचं सुचलं नाही. त्यांनी गाडी कडेला घेऊन थांबवली. ''मग इतकी वर्षं छान आहे म्हणायचीस ते?''

''तुमच्याकडे बघून म्हणायचे,'' मिसाओबाई साधेपणानं म्हणाल्या. ''कपाळ सैल पडलं की समजायचं, जमलं. मग म्हणायचं. म्हटलं की घरात आठवडा बरा जायचा. गाण्याकडे लक्ष द्यायला मला फुरसत कुठे होती?''

गाणं चालूच होतं. त्यांच्यासाठी दोन दिवस खपून लावलेलं, आणि बाई नवऱ्याच्या कपाळाकडे बघत बसलेल्या. शिमाकुरांनी ते बंद केलं. आता जोडायला पुढे वाक्य नव्हतं, तरी त्यांनी विचारलं. आवाज घोगरा निघाला.

''मिसाओ, घरी येतेस का?''

मिसाओबाईंनी मांडीवरचा डबा सरळ केला. रागावल्या नव्हत्या. राग असता तर शिमाकुरांना काहीतरी धरायला मिळालं असतं.

''तुम्ही विचारलंत, ते बरं वाटलं,'' त्या म्हणाल्या. ''पण अहो, इथे सकाळी उठलं की कुणाचं तोंड बघून दिवस ठरवावा लागत नाही. मी खूप दमले होते, हे मला इथे आल्यावर कळलं. तुम्ही वाईट नाही. कधी आवाज चढवला नाहीत. पण मला नाही यायचं.''

शिमाकुरा म्हणाले, ''हो.'' बाईंना आईच्या घरी सोडलं. उतरताना त्यांनी ओहागींचा डबा सीटवर ठेवला, आजच खा, उद्या कडक होतील म्हणाल्या, आणि गाडी वळेपर्यंत दारात निरोपाला वाकून उभ्या राहिल्या.

ताकाओकात शिरताना सिग्नल लागला. शिमाकुरांनी आरसा खाली वळवून आपलं तोंड बघितलं. कपाळ, त्यावरच्या आठ्या, ओठ. रोज सकाळी जे वाचून एका बाईनं आपले दिवस ठरवले ते हेच. त्यांनी खूप निरखलं, पण त्यांना त्यात काही वाचता येईना. सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता, आणि मागच्या गाडीतला माणूस, आमच्याकडचाच तो, हॉर्न न वाजवता मुकाट्यानं थांबून राहिला.