सरसकट पाचपैकी पाच

एम.ए.च्या शेवटच्या आठवड्यात आमच्या विभागात एक फॉर्म भरून घ्यायचे. शिक्षणाबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, ते सांगा. प्रत्येक सरांसाठी वेगळा कागद, गुण पाचपैकी. रीत अशी, की पहिल्या बाकावरच्या मुलीने सगळ्यांना पाच-पाच द्यायचे आणि मागच्यांनी तेच उतरवायचं. नाव लिहायचं नसलं तरी अक्षर ओळखतात, उगाच विषाची परीक्षा कशाला, हे आमचं शहाणपण. त्या वर्षी पहिल्या बाकावर मी होते.

अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांपैकी दोघे तासिका तत्त्वावर होते, म्हणजे नेमणूक दरवर्षी नव्याने. त्यातले जुने सर वर्गावर क्वचित उगवायचे. नवे सर मात्र माझ्या लघुप्रबंधाचं पान न् पान वाचायचे. कबनूरच्या यंत्रमाग कामगारांची माहिती मी जयसिंगपुरात घरी बसून मनानेच लिहिली, तेव्हा त्यांनी कागद परत दिले.

"घरात बसून लिवलंय न्हवं? जा, मागावर जाऊन विचार."

रविवारी स्वतः स्कूटरवरून कबनूरला आले. त्या खडखडाटात कामगारांच्या कानाशी ओरडून विचारताना माझा घसा बसला. दोन वर्षांत मी खरं काय शिकले असेन, तर ते त्या दुपारी. बाकीचं गाईडमधलं.

तरी फॉर्म भरताना माझा हात अडखळला नाही. नव्या सरांना पाच, जुन्यांनाही पाच. कुणाचं वाईट कशाला करा! काम उरकून आम्ही चहाला गेलो.

निकाल लागल्यावर पेढे घेऊन विभागात गेले, तर नव्या सरांची नेमणूक झाली नव्हती. दोघांपैकी एकालाच ठेवायचं होतं. विभागप्रमुखांनी आमचे फॉर्म काढून बघितले, दोघांचे गुण सारखेच. मग जुन्यांना ठेवलं. हे विभागप्रमुखांनीच मला पेढा खाता खाता सांगितलं.

सर त्याच दिवशी आपली पुस्तकं न्यायला आले होते. फाटकापाशी स्कूटरला पिशवी अडकवत होते. मला भयंकर लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "सर, मी तुम्हाला पाचपैकी पाच दिले होते."

"व्हय, कळलं की," ते म्हणाले. "आणि वर्गावर न येणाऱ्यास्नी किती दिलंस?"