सात मीटर आणि दोन मजले

"मॅडम, क्रिकेटची पिच आखताय काय?"

कर्जतच्या बाजाररस्त्यावर मी वाकून चुन्याची फक्की टाकत होते. मे महिना, सकाळचे नऊ. विचारणारा दत्ता नावाचा रिक्षावाला होता.

"ट्रामचे रूळ आखतेय," मी म्हटलं.

तो रिक्षातून खाली उतरला. "रूळ? मंग मी रिक्षा कुठं लावू?"

प्रश्न बरोबर होता.

मी ट्रान्सपोर्ट प्लॅनर आहे. कुठून कुठे किती माणसं जातात ते मोजायचं आणि त्यांच्यासाठी काय चालवावं ते सुचवायचं, हे आमचं काम. त्या वर्षी आमच्या फर्मकडे कर्जत ते खालापूर या पट्ट्याचा अभ्यास होता. कारखान्यांच्या शिफ्टा, नव्या सोसायट्या, मधली गावं. काहीतरी मोठं हवं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. काय हवं, यावर ऑफिसात दोन पार्ट्या होत्या.

मी लाइट रेलवाली. लाइट रेल म्हणजे सुधारलेली ट्राम. रूळ रस्त्यावरच, दोन-तीन डबे, पुढे ड्रायव्हर आणि थांबा जमिनीलगत. माझा सहकारी नितीन ऑटोमॅटिक मेट्रोवाला. तिला ड्रायव्हर नसतो, कंट्रोल रूममधला कॉम्प्युटर ती चालवतो. ड्रायव्हर लागत नाही म्हणून लहान गाड्या अगदी थोड्या थोड्या वेळाने सोडता येतात. पण रुळावर म्हैस आली तर बघायला पुढे कोणी नसतं. त्यामुळे तिला स्वतःचा बंद मार्ग लागतो, म्हणजे बहुतेक वेळा खांबांवर.

आम्ही दोघांनी रिपोर्टमधली आपापली प्रकरणं लिहून ठेवली होती. बॉस बर्वे सर वैतागले. "सहा महिने कागदावर भांडताय. आता जागेवर जाऊन भांडा. सोमवारी साहेब येतायत. मला एक नाव पाहिजे."

साहेब म्हणजे ज्या प्राधिकरणाने काम दिलं होतं तिथले अधिकारी. आम्ही जे नाव देऊ, त्याच्या मार्गाच्या जमिनीवर आरक्षण पडणार होतं. आरक्षण पडलं की मालकाला तिथे एक खोलीसुद्धा वाढवता येत नाही, मग प्रकल्प होवो न होवो. माझं माहेर भिसेगावचं. दोन्ही मार्ग तिथूनच जात होते. कोणाकोणाची घरं जातील ते मला नकाशाशिवाय कळत होतं.

तर फक्की. लाइट रेलच्या जाण्या-येण्याच्या दोन मार्गांना मिळून साधारण सात मीटर रुंदी लागते. कागदावर सात मीटर फार नसतात. बाजारात माझी एक रेघ किराणा दुकानाच्या पायरीवर चढली आणि दुसरी भाजीवाल्यांच्या मधून गेली. उरलेल्या रस्त्यात दत्ताची रिक्षा कशीबशी मावली. मी वही उघडून बसते तोच पाण्याच्या जारचा टेंपो आला, नेमका दोन रेघांच्या मध्ये थांबला आणि ड्रायव्हर कुठेतरी निघून गेला.

नितीन समोर उसाचा रस पीत उभा होता. "लिहून घे," तो म्हणाला. "गाडी उशिरा. कारण, जार."

मला राग आला, पण मी लिहून घेतलं.

मग त्याची पाळी. वरच्या मेट्रोचं तिकीटघर पहिल्या मजल्यावर येतं आणि फलाट दुसऱ्यावर. शेजारी तेवढ्याच उंचीचं शॉपिंग कॉम्प्लेक्स होतं. नितीन तिकडे बोट दाखवून मला समजावत होता. माझ्या रेघेला लागूनच एक बाई करवंदांची पाटी घेऊन बसल्या होत्या. हिराबाई, कोंडाणे गावाच्या वरच्या वाडीतल्या. त्या मन लावून ऐकत होत्या.

"म्हंजे पाटी घेऊन मी तितं चढायचं?"

"लिफ्ट असणार, मावशी," नितीन म्हणाला.

"लिफ्टमदी आदी कंपनीची पोरं घुसतील. मला कोन घेनार? आनि लाइट गेली मंग?"

"जनरेटर असतो ना."

"तो चालू होईस्तवर तू घे रं पाटी. चढून दाव."

नितीन मर्दासारखा तयार झाला. पाटी डोक्यावर घेतली. पहिल्या मजल्यापर्यंत ठीक गेला. दुसऱ्याच्या वळणावर पाटी कलली आणि करवंदं टपटप करत पायऱ्यांवरून खाली आली. बाजार गोळा झाला. हिराबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"उचल आता. येक बी सोडू नको!"

आम्ही सगळ्यांनी उचलली. दत्तानेही. उचलता उचलता मी त्यांना विचारलं, "तुमचं काय अडतं, मावशी?"

"येताना गाडी मिलते. अकराला माल संपतो. मंग वाडीच्या फाट्यापर्यंत जायला दोनपर्यंत कायबी नाय. गाडी खालून येऊ दे नायतर वरून. अकराला येनार हाय का?"

मी नितीनकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे. आमची सगळी मोजणी गर्दीच्या वेळची होती, शिफ्ट सुटतानाची. दुपारी कोणी प्रवास करत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. खरं म्हणजे दुपारी गाडी नव्हती, म्हणून माणसं दिसत नव्हती.

शुक्रवार आणि शनिवार आम्ही दोघं स्टँडवर बसून मोजत राहिलो. वाट पाहणारे, कंटाळून चालत निघालेले, घरून बाहेरच न पडलेले. शेवटचे मोजता येत नाहीत, पण त्यांच्याबद्दल शेजारी सांगतात.

सोमवारी साहेबांनी बसताबसता विचारलं, "मग? लाइट रेल की मेट्रो?"

मी उठून लाइट रेल बाजारातून का जाणार नाही ते सांगितलं. ते प्रकरण माझ्याच हातचं होतं. मग नितीनने मेट्रोचं सांगितलं. करवंदांसकट.

"म्हणजे तुम्ही दोघंही आपल्याच विरुद्ध बोलताय?"

"हो सर," मी म्हटलं. "आत्ता लहान बस द्या. दर अर्ध्या तासाला, दुपारीही. प्रवासी वाढले की रूळ टाकता यावेत म्हणून गावाबाहेरच्या नव्या रस्त्याला तेवढी रुंदी आधीच ठेवा. गावात आरक्षण नको."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "बससाठी एवढा अभ्यास? अहो, बसचं भूमिपूजन कसं करणार?"

मग बर्वे सर म्हणाले, "सर, हिरवा झेंडा दाखवता येतो."

साहेब हसले. तिथे निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्याला सात महिने लागले. रिपोर्ट दोनदा परत आला, दोन्ही वेळा शीर्षक बदलायला. शेवटी प्रायोगिक म्हणून तीन बस सुटल्या. अकराची पहिल्या आठवड्यात रिकामी गेली. दुसऱ्या महिन्यात तिच्यात उभं राहायला जागा नव्हती. भिसेगावात आरक्षण पडलं नाही आणि माझ्या चुलतभावाने वरचा मजला चढवला.

नव्या प्लॅनरना मी आता एवढंच सांगते, की आपल्या लाडक्या पर्यायातली खोट आधी आपणच शोधावी. ते मान हलवतात आणि जाऊन थेट निष्कर्ष लिहायला घेतात.